केकताडाचा दोर

सोनगीरजवळ आमच्या गावी, डाक बंगल्यापुढे पिवळ्या काठांच्या पानांची केकताडं, म्हणजे घायपात, शोभेसाठी लावलेली होती. त्यांना ना पाणी लागे ना खत, शेळीसुद्धा तोंड लावत नसे. माझी थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा तिने तिथल्या माळ्याकडून बुडाशी फुटलेली चार पिल्लं मागून आणली आणि आमच्या बांधावर लावली. पुढे त्यांचं कुंपण झालं. मग अक्का ती काटेरी पानं कापून नाल्यात कुजवायची, दगडावर ठेचायची. रसाने हातांची आग होई, फोड येत. पण धागा पांढराशुभ्र निघे. तिचा दोर मोटेला लावला तरी तुटत नसे. तिला समोरून येताना पाहून थबकणाऱ्या बायकाही दोरासाठी मात्र दारात येऊ लागल्या.

दसऱ्यानंतर मानमोडीची साथ आली. घरोघरी माणसं तापाने फणफणली. बाजार बंद पडला, तिरडी बांधायला सुतळी मिळेना. शेजारचे आबा अंगणात येऊन उभे राहिले.

"माय, मनी सून गयी. दोर शे का?"

अक्काने आढ्याला टांगलेलं वेटोळं काढून दिलं. मग माणसं येतच राहिली. होता तो दोर संपला, तेव्हा आम्ही दोघी ओलाच धागा वळत बसलो. आत आई कण्हत होती.

"आईजवळ बस ना," मी म्हटलं.

"तू जा. बाहेर माणूस ताटकळलाय."

दुसऱ्या दिवशी आई गेली. अक्काचे हात उठेनात. आईच्या तिरडीचा दोर मी वळला, वेडावाकडा.

साथ ओसरली. पेरणीच्या सुमारास अक्का नवा दोर घेऊन आबांकडे गेली. त्यांनी हात लावला नाही.

"आमना बैलले नको, माय. मढासना दोर शे तो."

मग कुणीच घेतला नाही. मोटेला नको, दावणीला नको, पाळण्याला तर नाहीच. त्याच वर्षी अक्का शिरपूरला कापसाच्या जिनात कामाला गेली आणि तिथेच राहिली.

लग्नानंतर मी एकदा तिला भेटायला गेले. केसांवर, भुवयांवर कापूस बसलेला. तिने विचारलं, "गावात कुणी दोर वळतं का गं आता?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खाली वाकून कामाला लागली.