उघडी ठेवलेली जखम

नवरा गेला तेव्हा मी विशीतच होते. नांदगाव खंडेश्वरच्या सासरच्यांनी मला माहेरी पोचतं केलं आणि वडिलांनी, गावाने नावं ठेवली तरी, अमरावतीच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला घातलं. पुढे लढाई पेटली, सरकारला नर्स हव्या झाल्या, तशी मी नाव दिलं. आई म्हणाली, "तुले तिकडे मरायले धाडू का?" मी म्हटलं, "इथं तरी कुठं जिती हावो मी?" तोंड माझं पहिल्यापासूनच असं.

ब्रह्मदेशाच्या सीमेवरचा आमचा दवाखाना म्हणजे चिखलात उभारलेले तंबू. एकात ऑपरेशनचं टेबल, बाकीच्यांत जखमी. एके दिवशी स्ट्रेचरवरून आलेला एक शिपाई कण्हताना "माय वं" म्हणाला आणि मी हातातलं पाण्याचं भांडं घेऊन त्याच्यापाशी धावले. शेंदूरजनाघाटचा निघाला, संत्र्याच्या बागेतला. त्या परक्या मुलखात वऱ्हाडी कानावर पडल्याचा मला इतका आनंद झाला, की मी त्याला उगाचच दोनदा गाव विचारलं.

त्याच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. डॉक्टरांनी तो काढला, मेलेलं मांस कापून टाकलं, जखम धुतली आणि न शिवताच वर पट्टी ठेवली. लढाईतल्या जखमेत माती, कपड्याच्या चिंध्या, काय काय गेलेलं असतं. लगेच शिवली तर घाण आत कोंडते आणि पाय सडतो. म्हणून काही दिवस उघडी ठेवायची, स्वच्छ दिसली की मग टाके. आमच्याकडची ही रोजची रीत. त्यामुळे त्याला ती सांगावी, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जेवण सोडलं. जवळच्या विड्या शेजारच्याला देऊन टाकल्या. मी खडसावलं, "पोटात अन्न नसलं तं जखम भरून येईन का? काय नखरे लावले?"

तो शांतपणे म्हणाला, "बाई, कायले फसवून राह्यल्या मले? आमच्याकडे दवाखान्यात नेलं का टाके घालतेत. ज्याची आशाच नाई, त्याले असं उघडं सोडून देतेत. माह्या मायले सांगजा, लय तरास नाई झाला मनून."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी डॉक्टरांचं सगळं शास्त्र त्याला समजावलं. मोठ्या माणसाचं मन राखावं तशी त्याने मान हलवली. ताट तसंच राहिलं. अशक्त माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर इथे काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. मला भीती वाटली.

शेवटी मी त्याच्या खाटेशी बसले. "संत्र्याच्या खोडाले डिंक्या रोग लागला तं काय करता तुमी?"

"कोरून काढतो," तो म्हणाला. "जितं लाकूड लागेपर्यंत."

"मंग त्याच्यावर लगेच चिंधी आवळून बांधता?"

"येड लागलं का, बाई? आत पाणी मुरन, झाड जाईन. मोकळं ठेवा लागते त्याले."

मी त्याच्या मांडीवरच्या पट्टीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग म्हणाला, "भात थंडा झाला असन ना?" मी गरम आणून दिला. तो जेवत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

टाके घालायच्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा तो कोपरावर उठला. मांस लालबुंद, स्वच्छ होतं. "जितं लागलं," तो पुटपुटला. डॉक्टरांनी जागा बधिर करून एकेक टाका घातला. मी बाजूला दोरा कापत होते. शेवटच्या टाक्याला मला समोरचं दिसेना.

डॉक्टर हात धुवायला गेले तसं त्याने विचारलं, "आता काहून रडून राह्यल्या, बाई?"

"माह्या मालकाच्या पायात वखराची लोखंडी पास घुसली होती," मी म्हटलं. "भर वावरात, मातीत. त्याच दिवशी शिवून आणलं आमी. लय सुबक टाके होते. मी आल्यागेल्याले कौतुकानं दाखवत होती."

 माझ्या हातावर हात ठेवून तो म्हणाला, "तुमाले कोणी सांगतलंच नसन, बाई."