ट्यूब्युलिन आणि मामांचे टेकू

गुलबर्ग्याला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा माझ्या तोंडाला लगाम नव्हता. बसवकल्याणच्या बाजूचं आमचं खेडं, आणि विज्ञान शिकायला बाहेर पडलेली घरातली मी पहिली. वर्गात जे शिकायचे ते गावात सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

त्या वर्षी जयंतीला घरी आले. दारात निळ्या पताका, ओसरीवर सगळा गोतावळा. माझ्या थोरल्या अक्काची लेक तेव्हा तीन वर्षांची होती. धड बसता येत नव्हतं, बोल फुटला नव्हता. अक्काचं लग्न आमच्या सख्ख्या मामांशी झालेलं. आमच्याकडे ही रीतच आहे, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मामा हुमनाबादला सेंटरिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू उभे करायचे, तो वाळला की काढायचे, हे त्यांचं काम.

चुलतीनं सहज विचारलं, "लेकराला असं कामून झालं असंल गं?"

"मामाशी लगीन केल्यानं," मी म्हणाले. "रक्त एकच न्हाई का?"

मामा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि उठून गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण कसं शास्त्रीय बोललो, या तोऱ्यात मी दुसरा चहा मागितला. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

शिकलेली पोरगी सांगायली म्हटल्यावर ते वाक्य गावात पक्कं झालं. मामांनी लेकीचं काही कमी केलं नाही, पण तिला घेऊन चारचौघांत जाणं सोडलं. दुसऱ्या लेकराचा विषय निघाला की उठून जायचे. अक्का मला कधी एका शब्दानं बोलली नाही.

पुढे मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत लागले. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो, त्यावर माझं काम आहे. मेंदू घडत असताना पेशी जन्मतात एकीकडे आणि त्यांना जाऊन राहायचं असतं दुसरीकडे. या नळ्यांच्या आधाराशिवाय त्यांना तो प्रवास जमत नाही. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या या नळ्या सारख्या उभ्या राहतात, मोडतात, पुन्हा उभ्या राहतात. त्या प्रथिनाच्या जनुकात एखादं अक्षर बदललं तर काय होतं, ते मी बघते. माझ्या हातानं रंगवलेल्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा हिरव्यागार चमकल्या, तेव्हा खोलीत मी एकटी होते तरी टाळ्या वाजवल्या.

एकदा अक्कानं भाचीच्या मेंदूच्या तपासणीचे फोटो पाठवले. असे फोटो मी कामाच्या वाचनात पाहिले होते, ट्यूब्युलिनच्या जनुकात बिघाड असलेल्या लेकरांचे. माझ्या मार्गदर्शक बाईंनाही तेच वाटलं. त्यांनी इथल्या रुग्णालयात जनुकांच्या तपासणीसाठी पाठवायला सांगितलं. मामा रक्त द्यायला तयार नव्हते. आपला दोष आता कागदावर येणार, एवढंच त्यांना कळत होतं. अक्कानं हाताला धरून त्यांना आणलं.

दोष आला नाही. ट्यूब्युलिनच्याच एका जनुकात एक अक्षर बदललं होतं, आणि ते फक्त लेकीत. मामांत नाही, अक्कात नाही. म्हणजे ते कुणाकडून आलेलं नव्हतं, तिच्यातच नव्यानं घडलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं. मामांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "चांगला माणूस हाय. मन राखून बोलायलाय."

मी तिथंच तोंड उघडलं, तर अक्कानं अडवलं. "इथं न्हाई. जिथं बोललीस तिथं सांग."

म्हणून परवाच्या जयंतीला त्याच ओसरीवर मी उभी राहिले. जवळच्या नात्यातल्या लग्नानं काही आजार येतात, हे पुस्तकात खोटं नव्हतं. पण या लेकराचं तसं नाही, असं सांगितलं. मग नळ्यांचं सांगायला मामांचेच टेकू घेतले.

मामा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "जनुकाच्या दोन प्रती असत्यात म्हणायलीस. एक बिघडली, तर दुसरीचे टेकू चांगले हायतच की. मग काम कामून बिघडलं?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच मांडीवर थाप मारली. "व्हय, व्हय! वाकडे टेकू निराळे कुठं हायत? चांगल्यांतच मिसळून उभे राहिलेत. मग साऱ्या स्लॅबलाच दगा."

हाच प्रश्न मला प्रयोगशाळेच्या मुलाखतीत विचारला होता. उत्तर सापडायला मला मामांपेक्षा जास्त वेळ लागला होता. माझा ऊर अभिमानानं भरून आला. हे माझे मामा, असं त्या मुलाखत घेणाऱ्यांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

"म्हंजे त्या वक्ताला तू उगंच बोललीस?" चुलतीनं विचारलं.

"व्हय. उगंच बोलले. लग्नाचा ह्यात काही संबंध न्हाई. मामा, मी चुकले."

बाहेर हलगी वाजायला लागली तशी भाची हसली. हलगी तिला फार आवडते. नऊ वर्षांची झाली, आता भिंत धरून चालते. मामांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक दाखवायला निघाले, सगळ्यांसमोरून. दारात थांबून मला म्हणाले, "तू येऊन सांगशील, हे तुझ्या अक्काला ठाव होतं."

"ते कसं?"

"त्या दिवसापासून मला सांगायलीय. पोरगी अजून शिकायलीय, म्हणायची. शिकणं पुरं झालं की खरं काय ते सांगंल."