नम्रतेचा फोटो

"ह्याच्या पायांना थोडा चिखल लाव," पाद्रीसाहेबांची मडम मला म्हणाली.

ह्याच्या म्हणजे माझ्या बापाच्या.

मिशनच्या बंगल्यासमोर कडुनिंबाखाली बाक मांडला होता. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशीची सकाळ. वधस्तंभावर जाण्याआधी प्रभू येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पाद्रीसाहेबही दरवर्षी या दिवशी आमच्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय धुवायचे. बाकावर म्हातारे भिल ओळीनं बसलेले. शेवटी माझा बाप. समोर नंदुरबारच्या बाजारातून आणलेलं पितळी घंगाळ. साहेब कमरेला टॉवेल गुंडाळून तयार. यंदा नवं काय, तर मडमनं तिपाईवर कॅमेरा लावला होता. फोटो विलायतेला जायचे होते, तिथल्या देवळांतून दाखवायला. साहेब कसे गुडघ्यावर येतात ते तिथल्या लोकांना दिसायला नको का? कुणी पाहिलीच नाही तर त्या नम्रतेचा उपयोग काय!

बापाचे पाय स्वच्छ होते. हीच घोडचूक. उजाडताच तो नदीवर गेला होता. दगडानं टाचा घासल्या, धुतलेलं धोतर नेसला. मोठ्या माणसाचा हात पायाला लागणार, तर घाणेरडे पाय कसे न्यायचे? आम्हा भिलांची अक्कल एवढीच. बाकीचेही तसेच घासूनपुसून आलेले. मडम कॅमेऱ्यातून बघायची आणि ओठ मुरडायची.

"काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "धुतलेले पाय काय धुवायचे?"

मला हसू फुटत होतं. मी मिशनच्या शाळेत मुलींना शिकवत होते, आणि गेल्या वर्षापर्यंत या दिवशी माझं आणखी एक काम असायचं. साहेबांच्या हाताला घाण लागू नये म्हणून मी आधी सगळ्यांचे पाय साबणानं घासून द्यायची. मग साहेब त्यावर चार थेंब पाणी ओतायचे. मग सगळी मंडळी डोळे पुसायची. आयजीच्या जिवावर बायजी उदार! तेव्हा घाण नको होती. आता फोटोसाठी घाण हवी होती. म्हाताऱ्यांचे पाय मात्र त्यांचे होते, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

बाप तिथं हौसेनं आला नव्हता.

त्याचं असं झालं. देवळात साहेब आणि मडम खुर्च्यांवर बसायचे, आम्ही जमिनीवर. बापाचे गुडघे धरलेले. खाली बसला की दोघांनी धरून उठवावं लागायचं. एका रविवारी मडमला ताप होता, तिची खुर्ची रिकामी होती. बाप त्या खुर्चीवर बसला. सरळ मनानं बसला. रिकामी वस्तू, दुखणारा माणूस, यात विचार काय करायचा? साहेबांनी उपासना संपेपर्यंत वाट पाहिली. मग सगळ्यांसमोर बापाकडे बोट करून म्हणाले, "गर्व हे पहिलं पाप आहे. सैतान गर्वानेच पडला."

बाप कसाबसा उठून उभा राहिला. "मन्हा गुडघा दुखी ऱ्हायना, साहेब. त्यामां गर्व कसाना?"

साहेब हसले. साहेब हसले म्हणून मंडळी हसली. आणि बापाला प्रभुभोजनातून काढलं. नम्र होईपर्यंत त्याला ना भाकर, ना द्राक्षारस.

तेवढंच असतं तर बापानं सोसलं असतं. पण नियम असा होता की प्रभुभोजनाबाहेर असताना जो मरेल त्याला मिशनच्या कबरस्तानात जागा नाही. माझी आई तिथं होती. संवत छपन्नच्या दुष्काळात रस्त्यावर सापडलेली पोर, मिशननं वाढवली. तिच्याशी लग्न करता यावं म्हणून बापानं बाप्तिस्मा घेतला. दारू सोडली, ढोल सोडला. भाऊबंदांनी त्याला सोडलं. आता खोकल्यानं छाती पोखरली होती. आईशेजारची जागा मागत रोज रात्री एकच सांगायचा, "माले तुन्ही माय जोडे गाडजो, पोरी."

साहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी निरोप दिला, म्हाताऱ्यानं बाकावर येऊन बसावं, पाय धुऊन घ्यावेत, फोटोत यावं. ती त्याची नम्रता समजली जाईल. बघा कशी वाटणी! पाय दाखवायचे ती बापाची नम्रता, पाय धुवायचे ती साहेबांची. गर्व तेवढा सगळा आमच्या वाट्याला.

माळ्यानं विहिरीजवळच्या वाफ्यातला चिखल घमेल्यात आणला. माझ्या हातात दिला. बापानं माझ्याकडे पाहिलं नाही. धोतर वर घेतलं आणि पाय पुढं केले. घासून लाल झालेल्या टाचा. त्या टाचा पाहिल्या आणि मला रडू नाही आलं, किळस आली. साहेबांची. त्यांच्या कोऱ्या टॉवेलाची. मी मुलींना शिकवलेल्या प्रत्येक मानभावी शब्दाची.

मी घमेलं खाली ठेवलं.

"मी लावणार नाही."

मडमला वाटलं मला भाषा कळली नाही. ती पुन्हा म्हणाली. मग साहेब उठले. आवाज अगदी मऊ. त्यांचा आवाज मऊ झाला की समजावं, कुणाचं तरी काही हिरावलं जाणार.

"बाई, हा तुझा गर्व आहे. तू आपल्या बापाच्या तारणाच्या आड येते आहेस."

"साहेब," मी विचारलं, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा आधी त्यांना चिखल लावून घेतला होता का?"

बाकाचा आधार घेत बाप उठला. एकटा उठला, कुणी धरलं नाही.

"पाय तं धोयेल शेतस," तो म्हणाला. "चाल पोरी, घर जाऊत."

बाकीच्यांनी चिखल लावून घेतला. फोटो निघाला. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्याही बायका तिथंच पुरलेल्या.

मला शाळेतून काढलं. बंगल्यावर सुंठीवाचून खोकला गेला. मी रनाळ्याच्या एका पाटलाच्या शेतात निंदणीला जाऊ लागले. पाटलीण लांबूनच हातावर भाकर टाकायची. पण टाकताना निदान ती स्वतःला नम्र म्हणवत नव्हती.

येशूला मी सोडलं नाही. त्याला कशाला सोडू? तो सुताराच्या घरचा, राबणाऱ्या माणसांत बसून जेवणारा. त्याच्या नावावर बंगला बांधून राहणाऱ्यांनी त्याला कधीचाच सोडला होता.

पोळ्याच्या सुमारास बाप गेला. त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. तेच जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

प्रेत दारात असतानाच साहेबांचा माणूस आला. म्हणाला, साहेबांचं मन मोठं आहे. देवळात सगळ्यांसमोर गुडघे टेक, गर्व केला म्हणून कबूल कर, ते कबरस्तानाचं फाटक उघडतील.

खोटं कशाला सांगू? मी उठले होते. पदर सारखा केला होता. बापाची एकच इच्छा, आणि माझे गुडघे तर धड होते. टेकले असते तर काय झिजले असते? मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बाकावरून एकटा उठलेला हा माणूस. त्याला मी माझ्या गुडघ्यांवर घालून आत नेणार होते?

निरोप्याला म्हटलं, "साहेबांना सांग, मन आणखी मोठं करू नका. फुटेल."

काका आला. बापाचा सख्खा भाऊ. बाटला म्हणून इतकी वर्षं आमच्या उंबऱ्यात न आलेला. दारातून प्रेताकडे बघत राहिला, मग मला विचारलं, "कोठे गाडानं?"

"मायजवळ," मी म्हटलं.

तो तसाच मागं वळला. पहार घेऊन आला. त्याच्या मागं त्याची पोरं, सुना. ज्यांना आम्ही देवळात अंधारातले लोक म्हणायचो, ते सगळे. फाटकाला कुलूप होतं. काकानं पहारीनं कडी उचकटली. आईच्या शेजारी आम्ही खणायला लागलो. मी स्वतः खड्ड्यात उतरले.

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा साहेब आले. छत्री, काळा कोट, हातात पवित्र शास्त्र. खड्ड्याच्या कडेला उभे राहून मला वरून म्हणाले, "हा गर्व आहे, बाई. पश्चात्ताप कर."

"हो साहेब," मी म्हटलं. "गर्वच आहे. बाजूला व्हा, माती पडेल."

ते बाजूला झाले. आम्ही बापाला खाली ठेवला. प्रार्थना मी म्हटली, मोठ्यानं, आमच्या बोलीत. काकाला त्यातलं काही पटत नव्हतं, तरी तो पागोटं काढून उभा राहिला.

त्यानंतर आमच्यातलं कुणी गेलं की मी बंगल्यावर विचारायला जात नाही. ज्याला प्रभुभोजनातून काढलं, ज्याचा बाप्तिस्माच झाला नाही, ज्यानं मरेपर्यंत ढोल वाजवला, ज्याला तिथं आपल्या माणसाशेजारी निजायचं आहे, त्याला आम्ही तिथंच नेतो. साहेबांनी नवं कुलूप लावलं. ते आम्ही तोडलं. पुन्हा लावलं तर पुन्हा तोडू. मी मेले की मलाही तिथंच न्या. आणि आत न्यायला कुणाची परवानगी मागायला गेलात, तर मी तुमची कुणी लागत नाही.