आईच्या पिक्चरसाठी प्रोसेसर

माझ्या आईने आयुष्यात एकही पिक्चर शेवटापर्यंत पाहिलेला नव्हता. हे वाक्य मी एका पत्रकात छापलं होतं, मागण्यांच्या वर, ठळक अक्षरांत. वाचणाऱ्यांना वाटलं, पोरगं भाषण ठोकतंय. भाषण कसलं, ती साधी माहिती होती.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दसरा झाला की आई-वडील ऊसतोडीला निघायचे आणि दप्तर पेटीत कोंबून मीही. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या अड्ड्यावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. कोपीत वीज नाही. कारखान्याचे दिवे समोर लखलखत असायचे, आणि त्यांच्यासाठी ऊस तोडणाऱ्यांच्या कोप्यांकडे एक वायर ओढावी असं कुणाला कधी वाटलं नाही. याच्यावर मी आजही तासभर बोलू शकतो. पण आज सांगायचंय ते पिक्चरचं.

टोळीतल्या एकाकडे बारका ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता, बॅटरीवर चालणारा. रविवारी चार वाजता मराठी पिक्चर लागायचा. त्या दिवशी आमचा ट्रॅक्टर दुपारीच भरून उभा असला, तर ड्रायव्हरकाका त्याची बॅटरी खाली उतरवून द्यायचे. अँटेना बांबूला बांधलेली. एकाने बांबू फिरवायचा आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "थांब, थांब! तितंच धर! आरं हालू नको, मुंग्या आल्या!" बाया हातातली कामं घेऊनच बसायच्या. कुणी लसूण सोलतंय, कुणी पोराच्या डोक्यातल्या उवा बघतंय. आई कोयत्याला कानस मारत बसायची. गाणं लागलं की तिची कानस थांबायची.

सहाला ट्रॅक्टर निघायचा. कारखान्यावर नंबर लागलेला असायचा.

"काका, पाच मिन्टं!"

"पाच मिन्टात संपतोय व्हय त्यो? सोडा वायर. त्या पिक्चरमधली सासू काय मला डिझेल देनार हाय?"

बॅटरी निघायची. पडद्यावर एक पांढरा ठिपका उरायचा, तोही विझायचा.

मग चुलीपुढे बसून आई शेवट सांगायची. भाकरी थापता थापता, बघून आल्यासारखा. पिक्चर कुठलाही असो, तिचा शेवट एकच. सगळे एकाच गाडीत बसून गावाकडं येतात. बंद घराचं कुलूप काढतात. जाळ्या झाडतात. शेजारीण पाण्याची कळशी आणून ठेवते, आणि नायिका चुलीवर पहिली भाकरी टाकते. मी विचारायचो, "आन् व्हिलन?"

"त्यो बी येतो. त्येला तरी कोन हाय तिकडं? त्येला आंगन झाडाया लावत्यात."

त्या धुरात, त्या भाकरीच्या वासात व्हिलनसकट सगळे घरी पोचायचे. अड्ड्याबद्दल मी आजवर जे छापलंय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण अड्ड्याची आठवण आली की मला आधी हा वास येतो आणि मग राग येतो. हे पत्रकात कुठं लिहिणार?

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले आणि तिचं तोडीला जाणं थांबलं. मी ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करतो, मानधनावर. ठरवलं, आईला घरात थिएटर करून द्यायचं. एक जुना मोठा टीव्ही मिळाला. एका मित्राने हार्ड डिस्क भरून जुने मराठी पिक्चर दिले. आमच्या वस्तीवर नेट पोचत नाही, म्हणून टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर हवा होता. मित्र म्हणाला, "आधी प्रोसेसर ठरव. बाकी सगळं त्याच्यामागून येतं."

नगरला एका बोळातल्या दुकानात गेलो. दुकानदार भिंगारचा, माझ्याच वयाचा. मी त्याला माझं बजेट सांगितलं. त्याने काचेखालून तळहातावर मावेल एवढा बोर्ड काढला, प्रोसेसर त्याच्यावरच बसवलेला.

"दादा, हा घ्या. चार कोर. चित्र दाखवायची सोय ह्याच्या पोटातच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. जुने पिक्चर सोडा, नवीन बारीक दाबलेल्या फायली पण हा आरामात उलगडतो."

"ह्याच्यापेक्षा भारी?"

"आहेत की. पण तुम्हाला कशाला लागतोय? आईंना पिक्चरच बघायचेत ना?"

झालं. हे 'तुम्हाला कशाला लागतोय' मी जन्मापासून ऐकतोय. शाळेत ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, रेशनच्या रांगेत ऐकलं. डोकं सणकलं. मी म्हणालो, "गरिबाला बारकंच दाखवायचं, हे कुठं लिहिलंय? आईने हयातभर ऊस तोडून दुसऱ्यांची मशिनं चालवलीत. तिच्या घरात कमी ताकदीचं काही येणार नाही."

त्याने बोर्ड काचेवर ठेवला. मग म्हणाला, "दादा, मी प्रोसेसरबद्दल बोलत होतो."

मी आठ कोरचा घेतला. जुना, कुणीतरी गेम खेळून विकलेला. त्याच्या पोटात चित्राची सोय नव्हती म्हणून वेगळं कार्ड घ्यावं लागलं, कार्डामुळे मोठा पॉवर सप्लाय, आणि एवढं सगळं मावायला कपाटाएवढी पेटी. बजेटमध्ये बसावं म्हणून एकूण एक वस्तू सेकंडहँड. एसटीत ती पेटी मी मांडीवर घेऊन आलो आणि वाटेत मनातल्या मनात भाषण करत होतो.

पहिला रविवार. चार वाजता लावला. हटकून चारलाच. डिस्कमध्ये मला त्यातलाच एक पिक्चर सापडला होता, अड्ड्यावर अर्धवट राहिलेला. चांगल्या घरची सून, सासू तिला घराबाहेर काढते. नाव आईला आठवत नव्हतं, पण पहिल्या गाण्याला ती म्हणाली, "ह्योच. ह्येच्यात पुडं तिचं पोरगं हारवतं."

पेटीतला पंखा मळणीयंत्रासारखा घोंगावत होता. आई म्हणाली, "ह्येला दमा हाय का रं?" मी आवाज वाढवला.

साडेचारला वीज गेली. हे रोजचंच. घरात इन्व्हर्टर होता, त्याच्यावर पिक्चर चालू राहिला. पण इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, आणि माझा आठ कोरचा पैलवान, त्याचं कार्ड, टीव्ही, सगळे एकाच ताटात जेवायला बसलेले. पोरगं हरवलं. सून पावसात हाका मारत निघाली. तेवढ्यात इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला आणि सगळं काळं झालं.

मी घड्याळ बघितलं. सहाला पाच कमी.

आई एवढी हसली, एवढी हसली, की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "आला बग ट्रॅक्टर!"

मला रडू येत होतं. कुणी मुकादम नाही, कुणी कारखाना नाही. ह्या वेळी बॅटरी मीच काढली होती.

आई उठून त्या पेटीजवळ गेली. हात लावला आणि लगेच मागं घेतला. "तवा हाय ह्यो." मग म्हणाली, "तुला आटवतं, कोयता कसा घ्यायची मी?"

आठवत होतं. हंगामाआधी लोहाराकडे पाच-सहा कोयते मांडलेले असायचे. नवखे गडी सगळ्यात जड, चकचकीत कोयता उचलायचे. आई एकेक कोयता मनगटावर नुसता तोलून बघायची, दोन-तीनदा हवेत फिरवायची, आणि बहुतेक वेळा सगळ्यात साधा घ्यायची. लोहार म्हणायचा, "हलका हाय त्यो, वहिनी." ती म्हणायची, "सकाळी समदेच उचलत्यात. दुपारी उचलंल का, त्ये बगते मी."

"त्या दुकानदाराला इचारलं का तू," आई म्हणाली, "दुपारी उचलंल का म्हनून?"

दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन पुन्हा नगर. भिंगारवाल्याने मला बोळाच्या तोंडाशीच ओळखलं. मी भाषणाशिवाय सांगितलं, "तो बारका द्या. माझं चुकलं." असं वाक्य मी पत्रकात कधी लिहिलेलं नाही. त्याने चहा मागवला. पेटी ठेवून घेतली आणि तो तळहाताएवढा बोर्ड एका डब्यात बसवून दिला. "अख्खा डबा जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी वीज खातो, दादा. पंखाच नाही ह्याला, घोंगावणार काय? त्या दिवशी हेच सांगायचं होतं, पण तुम्ही सभा सुरू केली."

पुढच्या रविवारी चारला परत तोच पिक्चर. वीज पाच वाजता गेली. डब्याचा आवाज नाही. सहा वाजले. मी इन्व्हर्टरकडे बघत होतो, आई पडद्याकडे. सहा वाजून दहा झाले, वीस झाले. पावसात हाका मारणारी सून पहिल्यांदाच पुढं गेली, पोरगं सापडलं, सासूला पस्तावा झाला, आणि त्या पस्तावलेल्या सासूच्या मांडीवर डोकं ठेवून सून मेली. नावं आली. पिक्चर संपला.

आईने माझ्याकडे वळून बघितलं.

"मेली?" ती म्हणाली. "येवढं सोसून मेली? हे दावायला बोलवत्यात लोकांना?"

"आये, शेवट तसाच आहे त्याचा."

"माजाच शेवट बरा हुता."

आता दर रविवारी चारला आई पिक्चर लावते. डबा थंड असतो, इन्व्हर्टर पुरून उरतो. सहाच्या सुमाराला ती रिमोट उचलते, बंद करते आणि भाकरीला बसते. मी पाटावर समोर बसतो. ती परातीत पीठ घेते आणि विचारते, "कुटवर आलो हुतो आपन?"