मोरचुदातलं पाणी

परळच्या एका कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, राजेश परब सव्वीस वर्षं लॅब अटेंडंट आहेत. बारावीला केमिस्ट्रीत दोन मार्कांनी नापास झालेल्या माणसाने जन्मभर केमिस्ट्रीच्याच बाटल्या धुवाव्यात, आता याला काय म्हणायचं! निकालाच्या दिवशी ते लालबागच्या चाळीत तोंड लपवून बसले होते. गिरणीतून आलेले वडील म्हणाले, "दोन मार्कांसाठी काय जीव देतलंस?" जीव नाही दिला, पण पुन्हा परीक्षेलाही बसले नाहीत. ते मात्र अजून सलतं.

आज सकाळी नव्या आकांक्षा मॅडमनी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. उद्या बोर्डाची प्रॅक्टिकल. कॉपर सल्फेटचं पॉइंट वन मोलर द्रावण करायचं, लिटरला सोळा ग्रॅम.

परबांचा हात बाटलीवरच थांबला. सोळा? बाटलीत तर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे, त्याचे पंचवीस लागतात. अहो, सव्वीस वर्षं पंचवीसच! सोळाने द्रावण पातळ होणार, चाळीस पोरांची रीडिंगं चुकणार, आणि बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं ते कळणारही नाही.

पण सांगायचं कसं? मागे एका सरांना असंच सांगायला गेले, तर "परब, तुम्ही बाटल्या धुवा" असं सगळ्यांदेखत ऐकावं लागलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप. त्यांनी गुपचूप बाटली उचलली आणि लेबल समोर येईल अशी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती बाजूला सरकवून तिथे आपला डबा ठेवला. घ्या!

परबांना रात्रभर झोप लागली नसती. त्यांनी दहा ग्रॅम मोरचूद बशीत घेतलं आणि बर्नरवर तापवत ठेवलं. निळे खडे हळूहळू पांढरे पडले. बशी निवल्यावर त्यांनी ती पुन्हा काट्यावर ठेवली.

"मॅडम, जरा येता?"

बशीचं वजन सोडून काट्यावर सहा पॉइंट चार ग्रॅम होते.

"बाकीचं कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं.

"पाणी होतं, मॅडम. खड्याच्या आतच असतं. आपल्याला अणू मोजता येत नाहीत, म्हणून आपण तोलतो, बरोबर? सोळाचा हिशेब बिनपाण्याच्या पुडीचा आहे. आमच्या गावाकडे सोडणासकट नारळ तोलले आणि सोललेल्यांचा हिशेब लावला, तर वजन भरतं, पण नारळ कमी पडतात. तसं होतंय हे."

मॅडमनी बाटली पुढे ओढली, लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "अगं बाई! मी पाणी धरलंच नाही." त्यांनी चिठ्ठीवरचा सोळा खोडून पंचवीस लिहिले. मग म्हणाल्या, "परबकाका, तुम्ही वाचवलंत. पण हे इतकं पक्कं कसं लक्षात राहिलं हो?"

परब बशीतल्या पांढऱ्या पुडीवर पाण्याचे थेंब टाकत होते. पूड पुन्हा निळी झाली.

"माझ्या बोर्डाला प्रश्न आला होता. पंचवीस ग्रॅम मोरचुदात तांब्याचे अणू किती? पॉइंट वन मोल, म्हणजे सहावर बावीस शून्यं. तीन मार्कांचा प्रश्न." त्यांनी बशी बाजूला सारली. "मीसुद्धा पाणी धरायला विसरलो होतो, मॅडम."