धुतलेल्या फळ्या

माझे वडील चळवळीतले. जुन्नरच्या बाजारात पत्रकं वाटायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं, त्यामुळे ‘निषेध’ हा शब्द मला ‘निबंध’च्या आधी लिहिता आला. तरी कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलविषयी लिहायला बसलं की आता रागाआधी थकवाच येतो.

आधी तिथं उघडं कोर्ट होतं, सिमेंटचं, मधोमध तडा गेलेलं. सकाळी आम्ही मुली खेळायचो, संध्याकाळी मुलं. पडलं की गुडघा सोलून निघायचा. दोन हजार साल उलटल्यावर त्याचं रूप पालटलं. वर छप्पर आलं, बसायला पायऱ्या आल्या आणि खाली लाकडी फळ्यांची गुळगुळीत फरशी. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत मुलांचा एक आणि मुलींचा एक सामना आमच्याच हॉलमध्ये होणार असं ठरलं.

आमची कॅप्टन महाळुंगे पडवळची, जुन्नरला मामाकडे राहून शिकणारी. तिचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा झाली की लग्न. तिच्या आईनं तिला कधीच खेळताना पाहिलं नव्हतं. आजवरच्या मॅच पुण्यात, त्या बघायला बाईमाणसाला तिकडं कोण पाठवणार? पण हा सामना रविवारी होता आणि रविवारी जुन्नरचा बाजार.

“बाजाराला म्हणून येईल ती,” कॅप्टन म्हणायची. “एकदा बघू दे तिला. मंग टाकते बूट माळ्यावर.”

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटरसायकल, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुजायचं ही आमच्याकडची रीत. क्रीडाशिक्षक म्हणाले, “एवढा नवा हॉल, त्याची पूजा नको?” धुणं अर्थातच मुलींकडे आलं आणि रिंगांना झेंडूच्या माळा बांधणं मुलांकडे. घर धुतो तसा आम्ही हॉल धुतला, बादल्या ओतून, खराट्यानं घासून. “कोपरे राहिले, अजून पाणी आणा,” सर दारातून सांगत होते. मधल्या गोलात नारळ फुटला, पेढे वाटले. लाकडाला एवढं पाणी सोसत नाही हे कुणाच्या मनातच आलं नाही. फरशी म्हटली की ती धुवायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊन पाहतो तर एका रिंगखालच्या फळ्या फुगून वर आलेल्या. खिळे ठोकून बसवल्या की दुसरीकडून वर यायच्या. रोज ठोकाठोकी चालली. शेवटी सामन्याच्या दिवशी, सकाळीच सरांनी आम्हाला बाजूला घेतलं.

“फरशीला दोन सामने झेपायचे नाहीत. मुलांचा होऊ दे. तुमचा पुढं कधीतरी पुण्यात होईल.”

“मुलांचाच का, सर?” मी विचारलं.

“अगं, पाणी कुणी ओतलं? तुम्हीच ना?”

मुलांच्या टीममधला एक मागून म्हणाला, “पोचा मारायला गेल्या आन् इहीर करून आल्या राव!”

सगळे हसले. कॅप्टननं बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. “आये निघाली असंल घरून,” एवढंच म्हणाली.

मुलांचा सामना आम्ही पायऱ्यांवर बसून पाहिला. माझ्या डोक्यात पत्रक जुळत होतं. पाणी मागितलं कुणी, ओतलं कुणी आणि शिक्षा कुणाला? शब्द धडाधड येत होते. पण ते छापून होईपर्यंत कॅप्टनची आई एसटीनं गावी पोचून चार दिवस झालेले असणार. असल्या वेळी पत्रक किती हळू चालतं, ते मला त्या दिवशी कळलं. न खेळताच अंग ठणकत होतं.

मुलं जिंकली, गुलाल उडाला, हॉल रिकामा झाला. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन तिची आई दारात. चपला बाहेर काढून, फरशीला हात लावून तो कपाळाला लावत आत आली.

“कवा हाय गं तुझी म्याच?”

कॅप्टननं आमच्याकडे पाहिलं. “आत्ताच हाय, आये. बस.”

कुलूप घेऊन आलेले शिपाईभाऊ सगळं सकाळपासून ऐकत होते. “मी च्या पिऊन येतो,” म्हणाले, “तवर काय खेळायचं ते खेळा.”

आम्ही आमच्यातच दोन टीम केल्या आणि अर्ध्याच कोर्टवर, चांगल्या फळ्यांच्या बाजूला खेळलो. चेंडू दोनदा फुगलेल्या भागात गेला आणि भलतीकडेच उसळला. त्याच्यामागे धावताना कुणाला हसू येत नव्हतं. मग कॅप्टननं लांबून चेंडू टाकला. तो रिंगेवरच्या सुकलेल्या माळेला घासून आत पडला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या खाली सांडल्या.

“पडला की गं आत!” आई उभीच राहिली.

दारात किल्ल्या वाजल्या. “चला पोरींनो, बंद करायचंय.”

“थांबा हो भाऊ,” तिची आई म्हणाली, “अजून येकदा टाकू द्या तिला. मगाशी मला नीट दिसलं न्हाई.”