ग्लिकांच्या परसातली सेलरी

माझ्या थोरल्या बहिणीला, लविनाला, स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, ही पाळण्यात होती तेव्हाही हिला उतरून भांडी घासावीशी वाटत असतील. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. कुणाकडे बाळंतपण असलं की हिला बोलावणं. सहा आठवडे राहायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, घरचा स्वयंपाक, धुणं, कोंबड्या सगळं बघायचं, आणि बाळंतीण हिंडायला लागली की आपली पेटी उचलून पुढचं घर गाठायचं. अशी बेचाळीस घरं झाली तिची. स्वतःचं एकही नाही.

बेचाळिसाव्या घरी मात्र ती अडकली. बेन्युएल एशची बायको बाळंत होऊन दहाव्या दिवशी गेली. दहा दिवसांची रुथी लविनाच्या हातात आली आणि लविना चार वर्षं तिथंच राहिली. पोरगी हिच्या एप्रनला धरून चालायला शिकली. आणि मग जूनमध्ये बेन्युएल म्हणतो, "आता माझी बहीण येतेय राहायला. तू जरा विश्रांती घे."

विश्रांती! लविनाला! ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून माझ्या खिडक्या इतक्यांदा पुसून झाल्या की काचा झिजतील असं मला वाटायला लागलं. सप्टेंबरात कुजबुज कानावर आली की बेन्युएल शाळेतल्या बाईंशी, एडा ग्लिकशी, लग्न करतोय. त्या दिवशी तिने माझं माळ्यावरचं सामानसुद्धा धुऊन काढलं.

आता ही कुजबुज खरी की खोटी हे विचारायचं कुणाला? आमच्या पंथात लग्न ठरलं तरी कुणी बोलत नाही. शरदातलं प्रभुभोजन झालं की चर्चमध्ये नावं पुकारतात, तोवर घरचे तोंड शिवून बसतात. पण लांब दांड्यांची सेलरीची भाजी लपवणार कशी? लग्नाला चारशे माणूस जेवायचं. कोंबडीत सेलरी, पांढऱ्या रश्श्यात सेलरी, टेबलावर फुलांच्या जागी बरण्यांतून सेलरीच. म्हणून नवरीच्या बापाच्या परसात उन्हाळ्यातच ओळीच्या ओळी लागतात. सगळी पंचक्रोशी एकमेकांच्या परसात डोकावत असते आणि आपण डोकावतच नाही असं दाखवत असते. मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू?

अकरा ऑक्टोबरला सेंट मायकेलचा दिवस. कामं बंद, दुपारपर्यंत उपास, मग जेवून भेटीगाठी. लविनाने दोन घास खाल्ले न खाल्ले आणि उठली.

"मलिंदा, बग्गी जोड."

"अगं, घास तरी उतरू दे घशाखाली! कुठं जायचंय?"

"ग्लिकांकडे."

"ग्लिकांकडे? कधी पाऊल टाकलंयस त्यांच्या दारात?"

"आज टाकीन. नाहीतर रस्त्यावरूनच बघीन." ती टोपीच्या नाड्या बांधत होती आणि त्या काही बांधल्या जात नव्हत्या. "सेलरी नसेल तर तिथून सरळ बेन्युएलकडे जायचं. मी त्याला तोंडाने विचारणार आहे."

"काय विचारणार?"

"मला करतोस का म्हणून."

मी कपाळाला हात लावला. आमच्यात बाईने असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण तिचं तोंड बघितलं आणि मुकाट्याने घोडा काढला.

इंग्लिश लोकांची, म्हणजे आमच्या पंथाबाहेरच्या मोटारवाल्यांचीही, नेमकी जोडून सुट्टी होती. रस्त्यावर मोटारीच मोटारी. आमच्या बग्गीमागे ही लांब रांग, कुणी भोंगा वाजवतंय, कुणी खिडकीतून फोटो काढतंय. घोडा बिचारा कान मागे टाकून चाललेला आणि लविना माझ्या हातातला लगाम ओढतेय. "हाण ना जरा! गाढव जुंपलंयस का?"

"मग तूच जुंपून घे की स्वतःला. लवकर पोचू."

एक मोटार अगदी शेजारी आली. आतली बाई काच खाली करून म्हणाली, "किती शांत आयुष्य आहे हो तुमचं!" लविना तेव्हा एप्रनचं टोक पिळत होती, इतकं की शिवण उसवायची बाकी. बये, ये म्हटलं इकडे, बस जरा हिच्या शेजारी!

वाटेत मला राहवेना. म्हटलं, "बेन्युएलमध्ये एवढं काय बघितलंस गं? जेवताना मचमच आवाज करतो. चार शब्द बोलायला त्याला आठवडा लागतो."

"बेन्युएल कुणाला हवाय!" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला रुथी हवीये. तो बरोबर येत असेल तर येऊ दे. त्याला मी सांभाळून घेईन."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस फार बावळट दिसतं, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले.

वळणावरून ग्लिकांचं परस दिसायला लागलं. लविना चालत्या बग्गीत उभी राहिली. मी तिचा झगा धरून ठेवला.

सेलरी होती. दांडे पांढरे राहावेत म्हणून दोन्ही बाजूंनी माती चढवलेली, घराच्या कोपऱ्यापासून थेट कुंपणापर्यंत, अकरा ओळी. लविना खाली बसली. मी म्हटलं, "वळवू का गं?"

तेवढ्यात एडाने आम्हाला बघितलं आणि ती फाटकाशी धावत आली. उंच, किडकिडीत बाई, चौदा वर्षं शाळेत शिकवते. आमच्याकडे, सेलरीकडे आणि परत आमच्याकडे बघून तिचे कान लाल झाले.

"आता बघितलंतच," ती म्हणाली. "पुकारा होईपर्यंत कुठं बोलू नका. लविना, खरं तर मीच तुझ्याकडे येणार होते. धीर झाला नाही. उतरतेस का जरा?"

लविना उतरली. मीही उतरले, नको त्या ठिकाणी मी मागे राहत नाही.

"शाळेत तीस पोरं सांभाळते मी," एडा म्हणाली, "पण ती तीन वाजता घरी जातात. रुथीला कुठं पाठवू? परवा भेटायला गेले तर माझ्याकडे बघेचना. मला भीती वाटते गं. काय करायचं ते सांग मला."

मला वाटलं, आता लविना हिला चार शब्द सुनावणार. मी तर वाटच बघत होते. पण लविना सांगायला लागली. दूध कोमट लागतं, वर साय दिसली तर ओकते. झोपताना डावा कान झाकायचा. तांबड्या कोंबड्याला घाबरते, पण घाबरतेस का असं विचारायचं नाही. वेणी घालताना हातात बटणांची डबी द्यायची. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत सगळं सांगत गेली, श्वास न घेता, जणू थांबली तर पुढचं सांगणं जमणार नाही. एडा ओठ हलवत पाठ करत होती.

मग एडाने हळूच विचारलं, "तुझी आठवण काढून रडेल का गं ती?"

"छे!" लविना म्हणाली. "एवढीशी पोर ती. विसरलीसुद्धा असेल मला."

मी तोंड उघडलं. लविनाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो डाग पुढे आठवडाभर होता. कारण ऑगस्टात काय झालं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. रुथी एकटी, अनवाणी, दोन मक्याची शेतं ओलांडून माझ्या ओसरीवर आली होती. हातात कागदी पिशवी, पिशवीत तिचा झोपायचा झगा. "मी राहायला आले," म्हणाली. लविनाने तिचे पाय धुतले, काटे काढले आणि त्याच पावली तिला कडेवर घेऊन परत पोचवून आली.

एडाचा जीव भांड्यात पडला. तिने लविनाचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. लविना तिच्या पाठीवर थोपटत राहिली, बाळांना थोपटते तशी.

परत निघालो. मी संतापले होते, बेन्युएलवर, एडावर, सगळ्यात जास्त लविनावर. ती मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं आणि मला ते सहन होईना.

"बोल ना गं काहीतरी," मी म्हटलं.

"मला एखादं घर बघ," ती म्हणाली. "उद्याच. लांबचं."

"किती लांबचं?"

"पोरीला चालत येता येणार नाही इतकं."